मॉनिटरची पोलरायझर फिल्म घरी बदलता येते का? (१७ इंची, चौकोनी, अण्णांचा)

दुकानचा_धाकटा · शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इथले मिक्सर, गिझर, इन्व्हर्टरचे धागे गुपचूप वाचत आलोय. लिहायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

सांगलीला आमचं किराणा-भुसारचं दुकान आहे. अण्णांच्या गादीशेजारी १७ इंची चौकोनी एलसीडी मॉनिटर आहे, पंधरा वर्षांचा तरी असेल. दिवाळीत भाची आली होती. तिनं त्यावर परमनंट मार्करनं मांजर काढलं. मांजर झकास होतं, पण नेमकं टॅलीतल्या रकमांच्या रांगेवर बसलं. वहिनीनं ते नेलपॉलिश रिमूव्हरनं घासून पुसलं. मांजर गेलं आणि तळहाताएवढा पांढुरका डाग मागं राहिला. मधोमध बारीक भेगा पडल्यात, आणि तिथं आकडे दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो. ज्यांची उधारी त्या भागात येते ती गिऱ्हाइकं खूश आहेत.

दुरुस्तीवाल्यानं लांबूनच बघून "पॅनल गेलं" म्हटलं आणि हात झटकले. नवा घ्यायला पैशाची अडचण नाही, अण्णांची आहे. त्यांना रुंद स्क्रीन चालत नाही. "माझी खतावणी उभी आहे, आडवी नाही," हे त्यांचं उत्तर.

नेटवर वाचलं की वरची फिल्म (तिलाच पोलरायझर म्हणतात) वेगळी मिळते. कुणी बदललीय का?

निळी_शाई · शनिवार, रात्री ११:१५

जुन्या बाजारात असला मॉनिटर दीड हजारात मिळेल, तोही चौकोनी. फिल्म, केमिकल, ब्लेड आणि तुमचा रविवार यांची बेरीज करा. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत एक चक्कर मारून मोकळे व्हा.

दुकानचा_धाकटा · शनिवार, रात्री ११:२२

अण्णांना सांगितलं तसं. "दुसऱ्याचा वापरलेला कशाला, आपला काय वाईट आहे?" आता बोला.

लॅमिंग्टनचा_भिडू · रविवार, सकाळी ८:०५

धाकटेभाऊ, पॅनल गेलेलं नाय. पॅनल गेलं की उभ्या-आडव्या रेघा येतात, नायतर आत काळी शाई सांडल्यासारखी पसरते. तुमचं फिल्मचं प्रकरण आहे. वीस वर्षं हेच धंदे करतोय.

पण आधी एक टेस्ट. मॉनिटर चालू ठेवा आणि बोटाच्या टोकानं डागावर पाण्याचा एक थेंब टेकवा. थेंब म्हणतोय, तांब्या नाय. थेंबाखाली आकडा साफ दिसला तर वरचा खरखरीत मॅट थर तेवढा खराब झालाय. मग काय उखडायचं नाय, वरून चकचकीत पारदर्शक स्क्रीनगार्ड मारा, खाचा भरून निघतात. थेंबाखाली पण नुसता उजेडच असेल तर फिल्मचा जीव गेला. बदलायलाच लागेल.

मास्तर_निवृत्त · रविवार, सकाळी ९:४०

भिडूंची थेंबाची चाचणी फार आवडली. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, हे सुचलं नव्हतं.

बरेच जण या फिल्मला स्क्रीनगार्डासारखा वरचा पापुद्रा समजतात. ती काढून टाकली तर मॉनिटर चालू असूनही पडदा कोरा पांढरा दिसेल. एलसीडीत अशा दोन फिल्म असतात, एक काचेच्या मागं आणि एक पुढं, एकमेकींशी काटकोनात. मागची फिल्म बॅकलाइटच्या (पडद्यामागच्या दिव्याच्या) प्रकाशातली एकाच दिशेची कंपनं पुढं सोडते. मधले द्रव-स्फटिक ती दिशा ९० अंशांनी वळवतात, म्हणून प्रकाश पुढच्या फिल्ममधून सुटतो. विजेचा दाब दिला की वळवणं थांबतं, प्रकाश अडतो आणि ठिपका काळा दिसतो. तुमच्या वयाच्या मॉनिटरमध्ये बहुधा हाच, टीएन जातीचा प्रकार असणार.

फिल्मचा गाभा म्हणजे ताणलेलं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, त्यात आयोडीन मुरवलेलं. हो, जखमेला लावतात तेच आयोडीन. ताणल्यामुळं रेणूंच्या साखळ्या एका दिशेनं लागतात आणि आयोडीन त्यांना धरून बसतं. ही आयोडीनची फिल्म एडविन लँड यांनी १९३८ साली केली. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना सेल्युलोज ट्रायअॅसिटेटचे थर असतात, आणि सगळं मिळून जाडी एक-दोन पोस्टकार्डांएवढी. रिमूव्हरमधल्या अॅसिटोननं वरचा थर फुगून फाटला, आणि त्याखालचं आयोडीन उघडं पडलं असणार.

रत्नांग्रीचा_आंबा · रविवार, सकाळी १०:१०

मास्तर, त्या अॅसिटेटची आमच्याकडं वेगळीच गंमत. कोकणातल्या दमट हवेत ते थर आपोआप कुजतात आणि चक्क व्हिनेगरचा वास येतो. वडिलांचा जुना कॅल्क्युलेटर कपाटातून काढला तर लोणच्याच्या बरणीसारखा वास, आणि पडद्यावर तपकिरी ढग.

बाकी धाकटेभाऊ, माझा अनुभव घ्या नि शहाणे व्हा. मी २२ इंचीची फिल्म बदलली. छान बसली, एक बुडबुडा नाही. चालू केला तर सगळं निगेटिव्ह! पांढऱ्याचं काळं, माणसांची तोंडं निळी. ९० अंशांनी चुकीची फिल्म आणली होती. परत उखडायचा धीर झाला नाही. कॉम्प्युटरमध्ये रंग उलटे करायची सोय असते ती चालू केली, निगेटिव्हचं निगेटिव्ह झालं, आणि दोन वर्षं तसाच वापरला. फक्त मशीन सुरू होताना कंपनीचं बोधचिन्ह भुतासारखं दिसायचं.

निळी_शाई · रविवार, सकाळी १०:१८

दंडवत. 🙏 वाचनखूण साठवली.

दुकानचा_धाकटा · रविवार, दुपारी २:३०

थेंब ठेवला. नुसता उजेड. म्हणजे फिल्म मेलीय. ऑनलाइन "१७ इंचीसाठी पोलरायझर" अशी एक सापडली, ५४० रुपये. मागवली.

लॅमिंग्टनचा_भिडू · रविवार, दुपारी २:४१

अरे थांबा थांबा! कोन बघितला का? फिल्म कुठल्या दिशेचा प्रकाश सोडते तो? शून्य, नव्वद, पंचेचाळीस, एकशेपस्तीस, सगळे असतात. इंचावर फिल्म घेत नाय कोणी.

दुकानचा_धाकटा · रविवार, दुपारी २:४३

पैसे भरून झाले. त्या पानावर कोन लिहिलेलाच नव्हता.

मास्तर_निवृत्त · रविवार, दुपारी ४:००

आली की जुनी फिल्म काढायच्या आधीच तपासा. मॉनिटर चालू करून पांढरं पान उघडा आणि नवी फिल्म, गोंदाची बाजू काचेकडं ठेवून, डाग नसलेल्या भागासमोर सरळ धरा. खाली जुनी फिल्म आहेच, तिच्यातून येणारा प्रकाश एका दिशेचाच आहे. दोघींचा कोन जुळला तर चित्र जवळपास आहे तसं दिसेल. काटकोन असेल तर ठार काळोख. आंबासाहेबांनी हे एक मिनिट केलं असतं तर भूत टळलं असतं.

रत्नांग्रीचा_आंबा · रविवार, दुपारी ४:२६

तेव्हा तुम्ही कुठं होतात, मास्तर?

दुकानचा_धाकटा · गुरुवार, संध्याकाळी ७:१५

फिल्म आली. मास्तरांनी सांगितलं तशी धरली. काळोखही नाही आणि स्वच्छही नाही, अर्धवट संध्याकाळ. आडवीची उभी केली तरी तेवढीच संध्याकाळ. तिरकी फिरवत नेली तर एका बाजूला लख्ख, दुसऱ्या बाजूला काळी.

मास्तर_निवृत्त · गुरुवार, संध्याकाळी ७:५०

निदान झालं. तुमचं पॅनल ४५ अंशांचं आहे आणि आलेली फिल्म शून्य किंवा नव्वदची. दोन्हीकडून ४५ अंशांचाच फरक पडतो, म्हणून दोन्हीकडून निम्मा प्रकाश. ही चिकटवली असती तर काळं आणि पांढरं दोन्ही निम्मं-निम्मं सुटलं असतं, सगळा पडदा राखाडी.

तिरकी कापून वापरू म्हणाल तर पुरणार नाही. १७ इंची चौकोनी पडदा साधारण ३३८ बाय २७० मिलिमीटर. तो ४५ अंशांत तिरका बसवायचा तर ४३ सेंटीमीटर बाजूचा पूर्ण चौरस लागेल. कागदावर काढून बघा.

लॅमिंग्टनचा_भिडू · गुरुवार, रात्री ९:१०

म्हणून म्हणतो, ४५ का १३५ ते विचारून, मॅट का ग्लॉसी ते सांगून, गोंद लावलेली घ्यायची. मॅटच घ्या. दुकानात ट्यूब असणार, ग्लॉसी घेतली तर अण्णांना आकड्यांच्या जागी स्वतःचं तोंड दिसेल.

आता काम कसं करायचं ते सांगतो. वायर आदल्या रात्रीच काढून ठेवा. जुना मॉनिटर म्हणजे आत सीसीएफएल नळ्या (बॅकलाइटच्या बारीक ट्यूबा), त्यांना शेकड्यांनी व्होल्ट लागतात, आणि सप्लायचा मोठा कपॅसिटर वायर काढल्यावर पण चार्ज धरून ठेवतो. त्या बोर्डाला हातच लावायचा नाय, आपलं काम पुढच्या बाजूला. नळ्यांत पारा असतो, त्या फुटता कामा नयेत. प्लॅस्टिकची चौकट काढा, मग पत्र्याची. पण काच बॅकलाइटवरून उचलायची नाय. उचलली की आतल्या पांढऱ्या शीटांवर धूळ गेली समजा, ती काय परत निघत नाय.

काचेच्या कडेला पिवळट-तपकिरी फिती दिसतील, बोर्डापर्यंत वळवलेल्या. तुमच्या मॉनिटरचा जीव तिथंच. एक जरी हलली तर कायमची रेघ. त्याच्यावर ना थिनर सांडायचं, ना टेप मारायची. फितींपासून लांबचा कोपरा धरून सुरुवात करा. ब्लेड काचेला आडवं, झोपलेलं. कोपरा सुटला की हेअर ड्रायरनं कोमट करा आणि फिल्म स्वतःवरच परत दुमडत मागं ओढा. वर उचलून ओढली तर काच वाकते. दोन काचा असतात, एकेक मिलिमीटरपेक्षा बारीक.

गोंद राहिला तर आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) काढायचा. दुरुस्तीच्या दुकानात लोक पेट्रोल, थिनर काय पण वापरतात, मी पण वापरलंय, पण तुम्ही नका वापरू. आणि ते रिमूव्हर वहिनींकडंच राहू द्या.

परदेशी_पाटील · शुक्रवार, पहाटे १:३०

इथं जर्मनीत कामानिमित्त डिस्प्लेवाल्यांशी रोज गाठ पडते, म्हणून थोडं खारट बोलतो. टीएन पॅनलच्या मूळ फिल्ममध्ये नुसता पोलरायझर नसतो. बाजूनं बघताना रंग पालटू नयेत म्हणून एक भरपाईचा थर असतो. फूजीफिल्मनं हा थर नव्वदच्या दशकात आणला आणि मग तो टीएन मॉनिटरमध्ये सर्रास वापरला गेला. बाजारातल्या सुट्या फिल्ममध्ये तो बहुधा नसतो. त्यामुळं समोरून ठीक दिसेल, पण बाजूनं आणि खालून आधीपेक्षा वाईट. फोटोचं काम असेल तर या वाटेला जाऊ नये. खतावणीला काही बिघडत नाही. उलट काउंटरपलीकडच्या माणसाला आकडे कमी दिसतील.

आणि बुडबुड्यांवरून मनाला लावून घेऊ नका. कारखान्यात फिल्म रोलरनं बसवून पॅनल गरम दाबाच्या भट्टीत ठेवतात, तेव्हा बुडबुडे विरतात. ती भट्टी आपल्या स्वयंपाकघरात नसते.

हसरी_सुपारी · शुक्रवार, सकाळी ११:००

मध्येच घुसते, पण माझ्या स्कूटरच्या मीटरचा डिस्प्ले उन्हानं काळा-तपकिरी झालाय, किती किलोमीटर झाले ते दिसत नाही. तोही हाच आजार का?

लॅमिंग्टनचा_भिडू · शुक्रवार, सकाळी ११:३५

ताई, तोच. उन्हानं फिल्म जळते. मीटर उघडून छोटा तुकडा लावतात, कोनाची टेस्ट तीच. मीटरवाल्याकडं अर्ध्या तासाचं काम आहे, पण मीटरचं सील पाणी न शिरेल असं परत बसवलं का ते बघून घ्या. नायतर पहिल्या पावसात आत तळं.

दुकानचा_धाकटा · सोमवार, रात्री ९:४५

झालं! सविस्तर लिहितो.

दुसरी फिल्म ४५ अंश, मॅट, गोंदाची, ६२० रुपये. शनिवारी आली. गोंदाची बाजू आत ठेवून चालू पडद्यासमोर धरली, चित्र स्वच्छ. गंमत म्हणून उलटी केली तर अमावस्या. हात जोडले, मास्तर.

काल दुपारी दुकान बंद करून गादीवरच मांडामांड केली. खाली सतरंजी, तिच्यावर धुतलेली चादर. मागचे चार स्क्रू काढले, चौकटीच्या खाचा जुन्या एटीएम कार्डानं सोडवल्या. पत्र्याच्या चौकटीच्या प्रत्येक स्क्रूचा मोबाईलवर फोटो काढला. वरच्या कडेला त्या पिवळट फिती दिसल्या आणि पोटात गोळा आला. कांद्याच्या सालीसारख्या, फुंकर मारली तरी हलतील अशा. त्या दिवसभर मी जिकडं गेलो तिकडं माझं लक्ष त्या फितींकडंच.

खालच्या उजव्या कोपऱ्यातून ब्लेड घातलं. पहिल्या झटक्यात वरचाच थर सुटला, दुधावरची साय निघावी तसा, आणि खालचा तपकिरी चिकट थर काचेवरच राहिला. पुन्हा खोल घातलं. मग वहिनी ड्रायर घेऊन बसल्या (प्रायश्चित्त म्हणाल्या). कोमट झाल्यावर फिल्म चर्र आवाज करत यायला लागली. २५ मिनिटं लागली. घाई केली की चिरते, हे दोनदा चिरल्यावर कळलं. शेवटी अख्खी निघाली तेव्हा हातात सोनेरी-करडं कातडं आल्यासारखं वाटलं.

गोंद बाकी ठिकाणी फिल्मबरोबरच गेला, फक्त मांजराच्या जागी हट्टानं बसला होता. टिश्यू पेपर आयपीएत भिजवून त्यावर दहा मिनिटं झोपवला, मग कार्डानं खरवडलं. तीन वेळा. काचेवर बोट फिरवल्यावर कुईं वाजलं तेव्हा थांबलो.

मग धूळ. पंखा बंद, दारं बंद, फरशी ओल्या फडक्यानं पुसली. मी उघडा, बनियनसुद्धा नाही, सुताचे तंतू पडतात म्हणून. अण्णा दारातून डोकावून म्हणाले, "ऑपरेशन आहे की पूजा?"

फिल्मला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक असतं, हे माहीत नव्हतं म्हणून आधी चुकीच्याच बाजूचं सोलायला गेलो. गोंदाकडचं दोन बोटं सोललं, डावी कड काचेच्या कडेला टेकवली. वहिनी खालून प्लॅस्टिक ओढत होत्या, मी वरून रबरी पट्टीनं दाबत पुढं सरकत होतो. अर्ध्यावर लक्षात आलं की खालचा कोपरा तीन-चार मिलिमीटर भरकटलाय. उचलून परत बसवली. तेवढ्यात एक कण आत शिरला. वरून सेलोटेप लावून कोपरा उचलला, दुसऱ्या टेपनं कण टिपला. तीन बुडबुडे होते, दोन कडेपर्यंत ढकलले, तिसरा वरच्या कोपऱ्यात मुक्कामाला आहे.

संध्याकाळी सातला बटण दाबलं. सगळे आकडे दिसतात, एक रेघ नाही. काळा रंग पूर्वीपेक्षा किंचित निळसर, आणि पाटील म्हणाले तसं खालून बघितलं की सगळं अंधारतं.

निळी_शाई · सोमवार, रात्री १०:०२

अभिनंदन. ५४० + ६२० + आयपीए. जुन्या बाजारातल्या मॉनिटरपासून फार लांब नाही, एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

मास्तर_निवृत्त · सोमवार, रात्री १०:३०

शाब्बास! तीन-चार मिलिमीटर बघून परत उचललीत हे फार चांगलं केलंत. ३३८ मिलिमीटर रुंदीत ६ मिलिमीटर सरकली की कोन १ अंशानं चुकतो. मॅलसच्या नियमानं (दोन फिल्ममधल्या कोनावरून किती प्रकाश सुटतो ते सांगणारा) हिशेब केला तर मूळची १००० ला १ अशी काळ्या-पांढऱ्याची तफावत १ अंशाच्या चुकीनं साडेसातशेच्या आसपास येते, २ अंशांनी साडेचारशेवर, आणि ५ अंश चुकलात तर सव्वाशेसुद्धा उरत नाही. तुमच्या निळसर काळ्यात थोडा वाटा याचाही असेल, थोडा फिल्मच्या प्रतीचा.

ती चुकलेली पहिली फिल्म काय करणार?

दुकानचा_धाकटा · सोमवार, रात्री १०:३४

पडून आहे. माळ्यावर जाईल.

मास्तर_निवृत्त · सोमवार, रात्री १०:५२

माळ्यावर नको. तिचे दोन चौकोन कापा, एकमेकांवर काटकोनात धरा आणि मध्ये भाचीची कंपासपेटीतली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी घाला. पट्टी साच्यात ओतताना तिच्यात जो ताण राहून गेलाय तो इंद्रधनुष्यी पट्ट्यांत उमटतो. वाकवली की पट्टे सरकतात. मी वर्गात हे दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरचे पुढं यायचे.

हसरी_सुपारी · मंगळवार, सकाळी ९:१५

मीटर झालं! १८,४०६ किलोमीटर. इतकी फिरले मी?

रत्नांग्रीचा_आंबा · मंगळवार, सकाळी ९:५०

धाकटेभाऊ, अण्णा काय म्हणाले ते लिहिलंच नाहीत.

दुकानचा_धाकटा · मंगळवार, दुपारी १:२०

काही म्हणाले नाहीत. बरोबर मधोमध, फिल्मच्या खाली, खसखशीएवढा एक कण राहिलाय, तो मला रात्री दिसलाच नव्हता. टॅलीत तो नेमका रकमेच्या दोन आकड्यांमध्ये बसतो, पॉइंटासारखा. सकाळपासून अण्णा दर बिलाला तो अंगठ्यानं पुसतात, मग चष्मा पुसतात, मग परत तो पुसतात. वहिनींनी रिमूव्हर कपाटात कुलपात ठेवलंय.